जुनी लस पाडायची कशी?

सातवीतून शाळा सोडून मी हिंगोलीकडून कापूरहोळच्या एका गॅरेजात आलो, तेव्हा मिस्त्रींनी पहिला धडा दिला : एका कंपनीच्या ऑईलवर दुसऱ्या कंपनीचं ओतायचं न्हाई. खालचा नट खोल, काळं ऑईल पाड, इंजिन निथळू दे, मग नवं घाल.

त्यामुळं करोनाच्या बूस्टरची चौकशी करायला गेलो आणि दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या आदीच्या दोन डोसांची कंपनी सध्या न्हाई. दुसऱ्या कंपनीची हाय, ती चालती," तेव्हा मी डोस न घेताच गॅरेजात परतलो. पोळ्याला घरी जायचं होतं. वडिलांना दमा. माझ्यामुळं त्यांना काही होईल या धास्तीनं गेल्या खेपेला मी अंगणातूनच बोलून परतलो होतो. या खेपेला डोस घेऊन जवळ बसायचंच, असं ठरवलेलं.

मिस्त्रींना विचारलं. हातातला पाना न थांबवता ते म्हणाले, "मग आदी जुनी पाडाय लागंल की."

"कशी?"

"पाणी पी. आतनं धुऊन काढ."

हितं मला माझं म्हणायला मिस्त्री आणि त्यांच्या घरच्या वहिनीच. परक्या पोराला त्यांनी आपल्या ताटात जेवू घातलं होतं. त्यांचं मी खोटं कसं धरणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्यावर तांब्या रिचवला. वर वहिनींनी मायेनं ताक पाजलं.

दवाखान्याच्या रांगेत नंबर जवळ आला की मला बाहेर पळावं लागायचं. परत आलो की शेवटून सुरुवात.

"ओ पावणं, टोचायचंय का न्हाई तुमाला?" सिस्टर ओरडल्या.

"ताई, जुनी अजून निथळली नसंल."

सगळी रांग हसली.

"अरं बाबा, लस काय तेल हाय व्हय, साठून राहायला? ती अंगाला शिकवून कवाच गेली. आता तीच उजळणी दुसऱ्या मास्तरकडनं."

"मी सातवीतच शाळा सोडली, ताई."

"मग तर उजळणी लागंलच. दंड कर पुढं!"

पोळ्याला वडिलांच्या बाजेवर, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि हे सगळं सांगितलं. ते हसता हसता खोकायला लागले. घाबरून मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यांनी तो हातानं मागं सारला. "नको रे बाबा, माझी बी पडून जाईल."