रसेलच्या ट्रम्पेटची उचकी

मरोळ गावठाणातला व्हिक्टर आपल्या पिकअपला नुसतं ‘माझी’ म्हणायचा. बायको मार्सेलिना जवळ असली की घोटाळा व्हायचा. आठवडाभर ती पिकअप मांडवाच्या खुर्च्या वाहायची. खुर्च्या तक्रार करत नाहीत, त्यामुळे गाडीचे शॉकअप कधी मेले हे व्हिक्टरला कळलंच नाही.

कळलं ते गावठाणातल्याच ग्लेनरॉयच्या लग्नात. चर्चपासून हॉलपर्यंत नवरानवरीच्या मोटारीपुढे पिकअपच्या हौद्यात उभं राहून बँडने वाजवत जायचं, ही व्हिक्टरनेच पाडलेली प्रथा. वाटेत सात स्पीडब्रेकर. सातही ठिकाणी बँडमधल्या रसेलच्या ट्रम्पेटला उचकी लागली. तो व्हिडिओ वसईपर्यंत पोचला, आणि पाणी प्यायचा सल्ला वसईहून परत आला.

आता लग्न व्हिक्टरच्या मुलीचं, आयव्हीचं होतं. ती बापावर जीव टाकायची, पण सूट द्यायची नाही. हॉलवर तिने डीजे बोलावून ठेवला होता.

“डॅडी, एक जरी उचकी ऐकू आली ना, तर हॉलच्या दारातच बँड बंद आणि डीजे चालू.”

ज्या बँडवर व्हिक्टर स्वतःच्या लग्नात बूट फाटेपर्यंत नाचला, तो बँड पोरीच्या लग्नात दाराशी गप्प बसणार! दोन दिवस त्याला आवडतं पोर्कचं सोरपोतेलही गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्याने नाहूर गाठलं.

तिथे मार्तंडचं गॅरेज होतं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, लोड काय असतो? व्हिक्टर म्हणाला, बँड. बँड हे वजनाचं माप नाही, असं मार्तंडने शांतपणे सांगितलं. मग आठही वादक शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. ढोलासकट पाचशे नव्वद किलो भरले. ट्रम्पेट वेगळी मोजा, असा रसेलचा आग्रह होता.

मार्तंडने समजावलं की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे दीड टनासाठी बनवलेले. पाचशे-सहाशे किलोंनी त्यांना नुसत्या गुदगुल्या होतात, म्हणून गाडी उड्या मारते. त्यावर मऊ शॉकअप टाकू, जरा मोठे, उंच कडांचे टायर लावू आणि हवा थोडी कमी ठेवू. यातलं व्हिक्टरला ‘मोठे टायर’ एवढंच ऐकू आलं. त्याने ट्रॅक्टरला लाजवतील असे चार निवडले. बसवल्यावर कळलं की स्टिअरिंग वळवलं की ते मडगार्डला घासतात. म्हणजे हॉल सरळ रेषेत आणून ठेवला असता तर अडचण नव्हती. मार्तंडने ते उतरवून एकच नंबर मोठे टायर चढवले. व्हिक्टर रुसला. पण सीटवर बसताच आपण बोटभर उंच झालोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि परतीच्या वाटेवर त्याने प्रत्येक बसड्रायव्हरला बरोबरीच्या नात्याने हात केला.

गुरुवारी चाचणी झाली. उचकी गेली होती, पण ढेकर राहिला होता. मार्तंड फोनवर म्हणाला की अजून चारशे किलो हवेत, आणि तेही न हलणारे. वाळूची पोती? पोरीच्या वरातीत पोती दिसली असती, तर पुढच्या पोत्यात मार्सेलिनाने व्हिक्टरलाच भरलं असतं.

तेव्हा व्हिक्टरला ती भयंकर कल्पना सुचली. संध्याकाळी मार्सेलिनाच्या पाच मैत्रिणी लुगड्यांना इस्त्री करायला जमल्या होत्या. त्याने टोपी काढून विनंती केली, की या वेळी मानाच्या बायकांनी बँडबरोबर हौद्यात बसावं. सगळ्या खूश. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

“गावठाणात तुमच्याइतकं वजन कोणाचं आहे?” तो म्हणाला.

बायका लाजल्या. मार्सेलिनाने विचारलं, आम्ही बसायचं कुठे? व्हिक्टरच्या तोंडून निघून गेलं, “मधोमध, मागच्या चाकांवर. आणि हलायचं नाही.”

इस्त्री जागीच थांबली.

“व्हिक्टर,” मार्सेलिना म्हणाली, “मान देतोयस की लोड भरतोयस?”

त्याने ट्रम्पेट, ढेकर, डीजे, सगळं कबूल केलं. मार्सेलिनाने मैत्रिणींवरून एक नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि म्हणाली, “सहाजणींत होईल रे चारशे. कमी पडलं तर आम्ही आधी जेवून येऊ.”

लग्नाच्या दिवशी मागच्या मोटारीत आयव्ही काच खाली करून बसली होती. पांढऱ्या हातमोज्यातली बोटं स्पीडब्रेकर मोजत होती. एक, दोन, तीन गेले. हौद्यात सहा लुगडी किल्ल्यासारखी बसली होती, आणि त्यांच्यामध्ये उभ्या रसेलने ओढलेला सूर कुठेच तुटत नव्हता. सातव्यावर त्याने मुद्दाम डोळे मिटले. गाडी चढली, उतरली, सूर तसाच.

आयव्हीने नवऱ्याच्या खिशातला फोन काढून डीजेला लावला.

“जेवून जा हां, पण पेट्या उघडू नकोस.”

एवढ्यात तिची मोटार हॉलच्या दाराशी थांबली, आणि पुढची पिकअप थांबलीच नाही. हॉलच्या पलीकडे आठवा स्पीडब्रेकर होता, आणि व्हिक्टरला तोही ऐकायचा होता.