गाठीचा कौल

आमच्या मिठागरावर कुणाला अंडवृद्धी झाली की सगळे एकच सांगत, खाऱ्या पाण्याचा विकार आहे, लंगोट आवळून बांध. वडिलांनी जन्मभर तेच केलं. म्हणून माझ्या डाव्या अंडाशी हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागली, तेव्हा मीही लंगोट आवळला आणि गप्प बसलो. दुखत नव्हती, पण वाढत होती. लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. कामावरच्या माणसांवर डाफरणारा मी, बायकोसमोर मात्र भिजलेलं मांजर झालो होतो.

शेवटी पनवेलच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ही अंडवृद्धी नव्हे, गाठ आहे. बहुधा साधी, पण नुसत्या हातानं खात्री देता येत नाही. वाट बघत बसू नका. मुंबईला शस्त्रक्रिया करा. अंडामागच्या नळीवर असली तर तेवढीच काढतील. अंडातच असली तर अंडही जाईल. मूल एकावरही होतं."

शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. तडक गावदेवीच्या देवळात गेलो आणि कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: उजवी पडली तर कापून घेतो, डावी पडली तर नाही. खरं सांगतो, डावीला मी पाणी कमीच लावलं होतं. दुपार कलली तरी एकही हलेना.

मागे एक अनोळखी म्हातारी कोळीण देवीची ओटी भरायला ताटकळली होती. ती म्हणाली, "पोरा, दर्यावर जाताना आमी आईला जाऊ का नको इचारत नाय. जातो म्हणून सांगतो, मग ती सांभालते. तुला जायाचं हाय, ते तुला ठावं हाय. सांग नि ऊठ."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. पाकळ्या मीच काढल्या आणि म्हणालो, "आई, जातो." घरी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग पिशवी भरते."

मुंबईला शस्त्रक्रिया झाली. गाठ नळीवरच निघाली. अंड वाचलं, आणि तपासणीतही गाठ साधीच ठरली.

पुढे मुलगी झाली. तिला कडेवर घेऊन त्या कोळणीला मासळी बाजारात गाठलं आणि पाया पडलो. तिला काही आठवेना. "कोन तू? बोंबील घेतोस का, बोल!" देवी तिच्या तोंडून बोलली की ती आपली कंटाळून बोलली, या वादात मी पडत नाही. मी बोंबील घेतले. ते घरी देऊन, अंघोळ करून, पोरीला घेऊन देवळात गेलो. या खेपेला पाकळ्या नेल्या नव्हत्या. हात जोडले, डोळे भरून आले, आणि म्हणालो, "आई, गेलो होतो. आलो."