अनुभव विभागातला चहा

माझ्या बायकोने मला कधीही विष घातलं नाही. एवढं एक वाक्य लिहायचं मी आजवर टाळत आलो.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा मी संपादक होतो. बँकेत कारकून असलो, तरी आमच्या पर्वत पाटिया भागात साहित्य कळणारा मी एकटाच, असं माझं मत होतं. आलेल्या मजकुराचे मी दोन गठ्ठे करी. 'तो' किंवा 'ती'ने सुरू झाला की कथा, 'मी'ने सुरू झाला की अनुभव. (लेखक वेगळा आणि गोष्ट सांगणारा निवेदक वेगळा, हे मी भाषणांत ठासून सांगे. गठ्ठे करताना विसरे.)

एका वर्षी बायकोने, म्हणजे आमच्या सुमनने, लाजत लाजत आपली पहिली कथा दिली. सुरुवात अशी : 'मी रोज सकाळी ठरवते, आज यांच्या चहात उंदराचं औषध घालायचं.' त्यातला नवरा बशीत ओतून फुर्रकन चहा पितो आणि साखर कमी म्हणून कुरकुरतो.

मी हातातली बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिची पाठ वळली की माझा चहा गॅलरीतल्या मनीप्लांटला. थोड्याच दिवसांत मनीप्लांटने मान टाकली! (वाफाळता चहा ओतल्यावर कुठलंही झाड मरतं, हे भीतीच्या भरात सुचत नाही.) तिने मागून 'अहो' म्हटलं तरी मला घाम फुटे. शेवटी, उद्या आपलं काही झालं तर पुरावा असावा म्हणून, मी ती कथा तिच्या नावासकट 'अनुभव' विभागात छापली.

दिवाळीत शेजारणी फराळाला आल्या. त्यांनी चकल्या पाहिल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि सगळ्यांना एकदम उपास निघाला. सुमन भरलेली ताटं तशीच आत घेऊन गेली.

पांडेसराच्या डाइंग मिलमध्ये काम करणारा तिचा भाऊ राजाराम आला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने माझ्यासमोरचा कप उचलून घटाघटा रिकामा केला.

"दाजी, चहा ते भारी शे," तो म्हणाला. "साखर जराशी कमी शे."

सुमन दारात उभी होती. "त्या कथेतली बाई मी नव्हते हो," ती शांतपणे म्हणाली. "आता वाटतं, असायला हवं होतं."

त्यानंतर तिने एक ओळही लिहिली नाही.

म्हणून काल हे सगळं लिहून तिच्या हातात ठेवलं. माफी तोंडाने मागायचं धाडस नव्हतं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यातला हा मूर्ख 'मी' म्हणजे तुम्हीच ना?"

"छे," मी म्हणालो. "तो निवेदक."