रेडिएटरातली हळद

हळदीचा वास मला सहन होत नाही. मराठी घरात राहून असं म्हणणं म्हणजे वेडेपणाच, पण खरं आहे. बायको फोडणीत हळद टाकते तेव्हा मी उठून अंगणात जातो. तिला कारण ठाऊक आहे.

कारण म्हणजे एक विलायती मोटार. सत्तरचं दशक संपता संपता माझ्या सासऱ्यांनी ती जुनी विकत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्या कंपनीचा यात काहीच दोष नव्हता. गाडी घडली तेव्हा चांगलीच असणार. दोष माझा. मी वर्ध्याला एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो आणि ती घ्यावी की नाही, हे मला विचारलं गेलं होतं.

सासुरवाडी हिंगणीची. शेती बऱ्यापैकी, आणि सासऱ्यांना मोठेपणाची भारी हौस. मोठे जावई कचेरीत साहेब. ते आले की घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर यायची, तिच्यावर चादर पडायची. मी आलो की बाज. माझ्यामागे मला ‘मिस्त्री’ म्हणतात, हे बायकोच्याच तोंडून कळलं होतं. घरातली धाकटी मुलगी, माझी मेव्हणी, तेवढी मला मानायची. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. नागपूरच्या ट्रेनिंगचा फॉर्म मीच तिला आणून दिला होता. सासरे हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. मुलाखतीचं बोलावणं आलं तर पाहू, एवढंच म्हणायचे.

धोंड्याचा महिना होता. दोघा जावयांना जेवायला बोलावलेलं. पुरणाचे धोंडे खाऊन हात धुतो न धुतो तोच दारात गाडी येऊन उभी राहिली. एका माजी मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरची. पेट्रोल महागलं तेव्हापासून ही मंडळी असली धुडं मिळेल त्या भावात काढायला लागली होती. लांबलचक, काळी, पुढे चकचकीत निकेल. सोबत दलाल, त्याच्या तोंडात पान. गाव गोळा झालं. सासरे म्हणाले, ‘‘जवाईबापू, आता तुमीच सांगा. तुमी म्हनसान तसं.’’ आणि स्वतःच्या हातानं त्यांनी खुर्ची माझ्यासाठी मांडली. साहेब जावई उभेच राहिले.

खरं म्हणजे माझा निकाल तिथंच लागला होता. तरी गाडी पाहिली.

दार उघडलं तर अत्तर आणि उंदराचं मूत यांचा एकत्र वास आला. सीटच्या कातड्याला भेगा, भेगांत पानाच्या पिचकाऱ्यांचे वाळलेले ओघळ. पायाखालचा गालिचा उचलला तर खाली पत्रा नव्हता, अंगणातली माती दिसत होती. ऑइलची सळी ओढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखं झालेलं, म्हणजे इंजिनात पाणी शिरत होतं. त्या मापाचे टायर वर्ध्यात मिळणार नव्हते. पार्ट मुंबईच्या भंगार बाजारात सापडले तर सापडले. लिटरमागे पाच किलोमीटर गेली तरी उपकार. शेवटी रेडिएटरचं झाकण काढलं आणि हळदीचा भपकारा नाकात शिरला. रेडिएटर गळका असला की विकणारे त्यात मूठभर हळद टाकतात. ती भोकांत जाऊन बसते आणि चार दिवस गळती थांबते. आमच्या धंद्यात हे कोणालाही माहीत असतं.

मेव्हणी शेजारी उभी होती. तिनं विचारलं, ‘‘भाऊजी, हळदीचा वास काऊन येऊन राह्यला?’’

दलालानं माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मी फडक्याला हात पुसत म्हणालो, ‘‘काई नाई, औषध असते ते. विलायती गाडीले लागते.’’ मग खुर्चीवर बसलो आणि सासऱ्यांना सांगितलं, ‘‘घ्या मामाजी. मी हावो ना.’’

या तीन शब्दांची मला आजही शिसारी येते. ही गाडी माझ्याशिवाय एक दिवस चालणार नाही, हे मला कळलं होतं, आणि तेच मला हवं होतं. एवढा खोटा मी दुसऱ्या कुठल्या गाडीपुढं वागलो नाही.

झालंही तसंच. दर रविवारी मी हिंगणीत, त्या गाडीखाली उताणा. तोंडावर ग्रीस, डोळ्यांत गंज. लग्नसराईत जो तो नवरदेवासाठी गाडी मागायला यायचा आणि सासरे छाती फुगवून द्यायचे. परत यायची तेव्हा मागच्या सीटवर कुणाची तरी ओकारी, तिच्यात चिरडलेले हार आणि अक्षता. घरात कुणी हात लावत नसे. मी बादली घेऊन धुवायचो. रेडिएटर आठ दिवसांनी पुन्हा गळायचा. आधी मी सासूबाईंकडे मूठभर हळद मागायचो. मग त्यांनी कंटाळून गाडीसाठी वेगळा डबाच भरून दिला. तो डिकीत असायचा. खुर्ची मात्र आता कायमची माझी झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाखतीचं पत्र आलं. मेव्हणीनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. मी म्हणालो, सकाळची एस.टी. बरी. सासरे उसळले, ‘‘घरी गाडी असताना पोरगी एस.टी.नं जाईन? काऊन? तुमीच तं म्हनलं होतं, घ्या म्हून.’’ मी सासूबाईंकडून हळदीचा डबा भरून घेतला.

मीच चालवत होतो. सासरे पुढे, मेव्हणी मागे, मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी. केळझरच्या चढाला बोनेटमधून वाफ उठली आणि समोरच्या काचेवर पिवळं पाणी उडालं. मी विहिरीचं पाणी आणलं, डब्यातली सगळी हळद ओतली. ती खालून चिखलासारखी गळून रस्त्यावर आली. इंजिन जाम. नागपूरची एस.टी. येताना दिसली तशी मेव्हणीनं धावत जाऊन हात वर केला. सासऱ्यांनी तो ओढून खाली घेतला. ‘‘मोटारवाल्याची पोरगी रस्त्यावर हात दाखवते काय? जवाई करून राह्यले ना दुरुस्त.’’ बस निघून गेली. मीही वाकून दुरुस्त करत असल्याचं सोंग करत राहिलो. दुसरी बस मी आडवा जाऊन थांबवली, पण आम्ही पोचलो तेव्हा मुलाखती आटोपून साहेब लोक उठले होते. मेव्हणीनं पाण्याचा नळ कुठं आहे ते विचारलं, तोंड धुतलं आणि पिशवी उचलून एस.टी. स्टँडकडे चालायला लागली.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरता आला असता. सासऱ्यांनी भरू दिला नाही. गिरडकडचं स्थळ आलं, त्यांना मोटार फार आवडली, लग्न ठरलं. पाठवणी गाडीतूनच व्हायची, म्हणून मी दोन महिने खपून ते सडकं इंजिन पुन्हा चालू केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. खुर्ची जाईल या भीतीनं.

हळदीच्या दिवशी बायकांचं आटोपल्यावर मलाही मांडवात बोलावलं. मेव्हणी पाटावर बसली होती. मी वाटीत बोटं बुडवली. ती मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘भाऊजी, ते औषध नव्हतं ना?’’

‘‘नाई,’’ मी म्हणालो.

‘‘तुमाले तवाच समजलं होतं?’’

‘‘हो.’’

तिनं दोन्ही हात पुढे केले. ‘‘मंग लावा. चार दिवस तरी गळत नाई.’’

मी लावली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालेली ती गाडी गिरडपर्यंत कुठंही बंद पडली नाही.