ट्रेनरचा अभिप्राय

"हिचं एक बरंय, रिपोर्टसुद्धा स्वतःच लिहिते."

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, किचनच्या दाराबाहेर, हातात रिकामा कप धरून मी हे ऐकलं. आत माझे मॅनेजर पुण्याच्या ऑफिसातल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मराठीत असले की ते नेहमीच मोठ्याने बोलायचे, कारण त्या मजल्यावर मराठी कुणाला कळत नसे. मी सोडून. पण मला ते त्यात धरत नसावेत.

"अरे, तोंडच उघडत नाही. सांगितलं की मान डोलावते. पुढच्या वर्षीपण अशीच बघ एखादी. कॉन्व्हेंटची, शांत."

ते हसले. केटलचा खटका पडला. मी कप तसाच घेऊन जागेवर परत आले आणि पुढचं तिकीट, म्हणजे पुढची तक्रार, उघडलं. एका बाईचा पासवर्ड चालत नव्हता.

मी या देशात आले ती ट्रेनी म्हणून, एका वर्षाच्या व्हिसावर. हा व्हिसा आमच्या कंपनीने दिलेला नव्हता. मध्ये एक वेगळी संस्था होती. ती स्पॉन्सर करायची, कंपनी फक्त शिकवायची. कंपनीने काय शिकवायचं याचा एक प्लॅन आधीच मंजूर झालेला होता. पहिले सहा महिने सपोर्टमध्ये कामाची ओळख, पुढचे सहा महिने सायबर सिक्युरिटी टीमबरोबर. मला त्या दुसऱ्या सहा महिन्यांसाठीच यायचं होतं. त्यासाठी मी पुण्यातली पर्मनंट नोकरी सोडली होती. मला वेड लागलंय असं घरी सगळ्यांना वाटलं होतं.

प्लॅनमध्ये एक अट होती, मी ती बऱ्याचदा वाचली होती. ट्रेनी जादा हवा. कुणाच्या रिकाम्या जागेवर त्याला बसवायचं नाही.

मी आले त्याच्या आदल्या आठवड्यात सपोर्टमधला एक माणूस नोकरी सोडून गेला होता. त्याची खुर्ची मला मिळाली. तो उंच असावा. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. खुर्ची खाली कशी करायची, हे शेजाऱ्याला विचारायला मला तीन दिवस लागले. त्याने खालची दांडी दाखवली. त्या ऑफिसात मला कुणी मुद्दाम काही शिकवलं असेल, तर ते तेवढंच.

त्या माणसाची तिकिटंही माझ्याकडे आली. दुसऱ्या महिन्यात त्याचं नाव काढून माझं घातलं गेलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, सुरुवातीला आनंदच झाला. आपल्यावर विश्वास ठेवला, असं वाटलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. म्हणूनच हे लिहायला मला इतका त्रास होतो. पहिल्या शनिवारी ते आणि वहिनी मला गाडीतून दुकानात घेऊन गेले, रजई घेऊन दिली, सिमकार्ड घेऊन दिलं. "सर नको गं म्हणूस, इथे कुणी म्हणत नाही. दादा म्हण." नावाने हाक मारायला माझी जीभ वळली नसती, दादा जमलं. वहिनी दर पंधरा दिवसांनी डबा पाठवायच्या. सकाळी दादा तो माझ्या टेबलावर ठेवायचे आणि त्याच हाताने एखादं जास्तीचं काम.

रिपोर्टचं सुरू झालं पहिल्याच महिन्याच्या शेवटी. स्पॉन्सर संस्थेला दर महिन्याला एक फॉर्म जायचा. त्यात प्रत्येक सेक्शनला दोन रकाने. ट्रेनी काय शिकली ते ट्रेनीने लिहायचं, ती कशी शिकते आहे ते ट्रेनरने. दादांनी फॉर्म मला फॉरवर्ड केला. "तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलंय. माझापण रकाना तूच लिही, मी सही करतो."

हे खरं होतं. आमच्या शाळेत निबंधाचं बक्षीस दर वर्षी मला मिळायचं. वक्तृत्वाचं कधीच नाही. लिहिताना मला कुणाची भीती वाटत नाही. बोलताना सगळ्यांची वाटते.

मी लिहिलं. नेटवर्कचा अभ्यास केला, सीनिअर इंजिनिअरच्या शेजारी बसून निरीक्षण केलं, दर आठवड्याला ट्रेनरबरोबर चर्चा झाली. यातलं काहीच झालं नव्हतं. मग दादांच्या रकान्यात, दादांच्या आवाजात, स्वतःचं कौतुक केलं. नुसतं कौतुक खोटं वाटेल म्हणून थोडी टीकाही घातली. मीटिंगमध्ये हिने अधिक बोलायला हवं, असं लिहिलं. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! माझ्या मनातलं लिहिलंस."

असे सात रिपोर्ट मी लिहिले. खोटे लिहिले आणि चांगले लिहिले. सातव्या महिन्यात मी सिक्युरिटी टीममध्ये असायला हवी होते. त्या महिन्याच्या रिपोर्टात मी होतेही. सेक्शन तीनमध्ये टीमने सरावासाठी घडवलेला एक सायबर हल्ला मी कसा ओळखला, याचं चार ओळींचं वर्णन होतं. त्या टीमच्या दाराला माझं कार्ड चालत नव्हतं.

आईला फोनवर सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अगं, परक्या देशात एवढं कोण कुणासाठी करतं? आपल्या माणसाची तक्रार करू नये." आणि मग, "वहिनींना लाडू पोचले का?"

ज्या दिवशी किचनबाहेर ते बोलणं ऐकलं, त्याच दुपारी तीन वाजता स्पॉन्सर संस्थेबरोबर व्हिडिओ कॉल होता. दर तीन महिन्यांनी असायचा. दादांना आणि मला एकाच स्क्रीनसमोर बसवून त्यांची बाई विचारायची, सगळं ठीक ना? मी म्हणायचे, हो, सगळं ठीक.

तीनला पाच मिनिटं असताना दादा मीटिंग रूममध्ये आले. दार लावलं.

"सिक्युरिटीचं आज काढू नकोस हं. सध्या सपोर्टला माणूस नाहीये, तुला माहितीये."

"सहा महिने होऊन गेले, दादा."

"अगं, बघू ना पुढच्या क्वार्टरला. आत्ता बोललीस आणि त्यांनी स्पॉन्सरशिप काढली, तर दोन महिन्यांत गाशा गुंडाळायला लागेल. मला नाही, तुला. तुझ्यासाठी सांगतोय, घरची आहेस म्हणून."

हेही खरं होतं. बोलले तर कदाचित दोन महिन्यांत परत. नाही बोलले तर पाच महिन्यांनी परत, पाच महिन्यांचे पासवर्ड बदलून. मग त्या खुर्चीवर दुसरी कुणी येणार, कॉन्व्हेंटची, शांत. वहिनी तिलाही डबा पाठवतील. मनापासून पाठवतील.

स्क्रीन उजळली. बाई नेहमीसारखी प्रसन्न होती. तिच्यासमोर माझा सातवा रिपोर्ट उघडा होता.

"ट्रेनरचा अभिप्राय फारच सुंदर आहे," ती दादांना म्हणाली. "इतकं विचारपूर्वक फार कमी मॅनेजर लिहितात. आमच्या इतर कंपन्यांना नमुना म्हणून दाखवायला आवडेल."

"थँक यू," दादा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं सहज म्हणाले, की क्षणभर मलाही वाटलं, त्यांनीच लिहिलं असेल.

"आणि तुम्हाला काही सांगायचंय?" बाईने मला विचारलं. उत्तर तिला माहीत असल्यासारखं ती पान पुढे सरकवू लागली.

टेबलाखाली मी माझा एक हात दुसऱ्याने घट्ट धरला होता. शाळेत बाईंनी उठून बोलायला सांगितलं की धरायचे तसा. दादांनी गळा खाकरला.

"त्यांनी नाही लिहिलं," मी म्हणाले. "सगळे मी लिहिलेत, दोन्ही रकाने. सेक्शन तीन खोटा आहे. मी इथे पहिल्या दिवसापासून एका माणसाची नोकरी करतेय आणि मला कुणीही काहीही शिकवलेलं नाही."