खरवसाचा डबा

यकृताचा आजार म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. आमच्या बाबांनी सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकली नव्हती, पण बंगळूरमधल्या कारखान्याच्या वसाहतीत ते कुणाकुणाला पटवत बसायचं? बाबांना रक्ताची दुसरी उलटी झाली आणि त्यांना इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी कॉलेजात होते. शेजारची कुजबुज ऐकून माझं डोकं फिरायचं.

पोटातल्या फुगलेल्या शिरा फुटत होत्या. पुन्हा फुटल्या तर संपलंच. यकृत बदलता येईल असं तेव्हा आपल्याकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. उपाय एकच, रक्ताला यकृताच्या बाजूनं दुसरी वाट करून देणारं ऑपरेशन, आणि तेही ज्याला झेपेल त्यालाच करत. सर्जन रोज बाबांचे डोळे पिवळे झालेत का बघत, पोटात पाणी झालंय का चाचपत आणि शेवटी पेन्सिल देऊन पाच टोकांची चांदणी काढायला लावत. यकृत थकलं की डोकं गोंधळतं, मग चांदणी जमत नाही, असं त्यांनी आम्हाला समजावलं होतं. बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातले. त्यांची चांदणी छापल्यासारखी यायची.

"उद्याही अशीच आली तर लगेच ऑपरेशनला घेऊ," सर्जन म्हणाले.

खायला मात्र नुसती पेज आणि साखरेचं पाणी. आईला ते मुळीच पटत नव्हतं. "अंगात ताकद नसलेल्या माणसाला कापतील कसे? नापास करतील त्यांना!" नेमकी त्याच दिवशी गवळ्याची गाय व्याली. आईला तो शुभशकुनच वाटला. तिनं चीक आणला, वेलदोडा घालून खरवस केला आणि डबा पदराखाली लपवून वॉर्डात नेला. बाबांनी मिटक्या मारत संपवला. आई किती दिवसांनी हसली होती!

दुसऱ्या दिवशी बाबांनी पेन्सिल उलटी धरली. सरळ करून दिली, तरी चांदणीच्या रेघा एकमेकींना भेटेचनात. सर्जननी कागद बघितला, मग आईकडे बघितलं.

"एनु कोट्री, अम्मा?" काय दिलंत?

आईनं खाली मान घालून सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दूध, डाळ असलं काही हे यकृत आता पचवू शकत नाही, त्याचंच विष डोक्यात चढतं, एवढं ते शांतपणे म्हणाले. पोट साफ करायचं आणि वाट बघायची. मधे शीर फुटली तर मात्र काही हातात नाही.

त्यानंतर बाबा नुसते खोकले तरी आम्ही दोघी ताडकन उठायचो. मी आईशी बोलतच नव्हते. इतका राग मला पुढे कुणाचाच आला नाही.

अखेर चांदणी जमली. सर्जननी होकार दिला. आदल्या संध्याकाळी बाबा पूर्ण शुद्धीवर होते. "भूक लागलीय गं," ते आईला म्हणाले. "थोडा वरणभात तरी आणायचास."

"नाही," आई म्हणाली. "ऑपरेशन होऊ दे, मग हवं ते करून घालते."

टेबलावरून बाबा परत आले नाहीत. आईनं सर्जनना कधी बोल लावला नाही. खरवसाचा विषयही तिनं कधी काढला नाही. "उपाशी पाठवलं मी त्यांना," एवढंच म्हणायची.