दिवसाचा दिवा

नातीची एक वही अर्धी कोरी राहिली होती, ती मी मागून घेतली. चौथीनंतर मी असं सलग काही लिहिलेलं नाही. माहेरी पत्रं लिहिली, वाण्याच्या याद्या लिहिल्या, तेवढंच. पण त्या दिवशी जे बोलले ते माझ्या तोंडून नीट निघालं नाही, म्हणून इथे लिहिते.

हे गेल्यावर मुलगा मला अमेरिकेत, बॉथेलला घेऊन आला. सहा महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. सकाळी साडेआठपर्यंत मुलगा, सून, नात तिघंही बाहेर पडतात आणि मग घरात मी एकटी. या घराच्या दाराला भोंगा आहे. दार उघडलं की भिंतीवरच्या डबीत चार आकडे दाबायचे. आकडे मला पाठ आहेत. पण पहिल्याच महिन्यात कचरा टाकायला गेले आणि माझं बोट चुकलं. भोंगा असा काही सुटला की शेजारची बाई धावत आली. ती काय विचारत होती ते मला कळेना, मी नुसती हात जोडून उभी. त्या दिवसापासून मी एकटी असताना दाराला हात लावला नाही.

हॉलमधल्या फळीवर लिंबाएवढा पांढरा कॅमेरा आहे. त्यातून मुलगा ऑफिसातून बोलतो. "आई, जेवलीस का?" "आई, डी ची गोळी घेतलीस?" इथे ऊन नाही म्हणून सगळ्यांना ती गोळी लागते, असं सून म्हणाली. मी कॅमेऱ्याकडे बघून मान हलवते. त्याला ती दिसते.

ऑक्टोबरात नातीने हट्ट धरला. तिच्या शाळेतलं एक कुटुंब दुसऱ्या गावी चाललं होतं आणि त्यांना त्यांचे दोन ड्रॅगन नेता येत नव्हते. मला वाटलं खेळण्यातले असतील. खोक्यातून निघाले ते चांगले हातभर सरडे.

"अगं बाई, सरडे!" मी दोन पावलं मागे सरले.

"आजी, सरडे नाही म्हणायचं. दे आर बिअर्डेड ड्रॅगन्स," नात म्हणाली. "दे हॅव फीलिंग्ज."

"आई, तुला दिवसभर कंपनी," मुलगा हसत म्हणाला.

"त्यांना विचारलंस का आधी?" सून म्हणाली, "दिवसभर आईंची भजनं ऐकावी लागतील."

दोन्ही माद्या होत्या. नातीने ठेवलेली इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात. मी थोरली आणि धाकटी म्हणू लागले. थोरली पूर्ण वाढलेली, धाकटी अजून वाढीची. ज्या बाईंनी त्या दिल्या त्यांनी बजावून सांगितलं होतं की दोघींना एका पेटीत ठेवू नका. एक दुसरीला दाबते, खाऊ देत नाही. थोरली समोर आली की धाकटी पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवायची. नात म्हणायची, ती हाय करते. त्या बाईंनी सांगितलं होतं, हाय नाही ते. मी लहान आहे, मला काही करू नकोस, असं ती सांगते.

तेव्हा मुलाने दोन मोठ्या काचेच्या पेट्या आणल्या. चार चार फुटांच्या. एवढी जागा एकाच खोलीत होती, मी झोपते त्या.

"चालेल ना आई?"

"चालेल की," मी म्हणाले. मी काय वेगळं म्हणणार होते! माझं कपाट भिंतीकडे सरकलं, पलंग दारामागे गेला. खिडकीखाली पेट्या आल्या. तळाला वाळू घालायची नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या उरलेल्या फरश्या बसवल्या. एका टोकाला दगड रचून वर उबेचा बल्ब, दुसऱ्या टोकाला गारव्याला लपायला पोकळ ओंडका. मध्ये चढायला फांदी. आणि पेटीच्या माथ्यावर आडवी एक लांब ट्यूब. दोघींना एकमेकी दिसू नयेत म्हणून मधल्या काचेला खाकी कागद चिकटवला. बल्ब आणि ट्यूब आपोआप सकाळी आठला लागत आणि रात्री आठला विझत.

माझं कामही वाढलं. भोपळा किसायचा, पाला बारीक चिरायचा, पालक मात्र द्यायचा नाही. डब्यातले रातकिडे पांढऱ्या भुकटीत घोळवून नात टाकायची, ते मी बघायची नाही. पण संध्याकाळी कपाटातल्या डब्यातून ते किरकिरायला लागले की मला बरं वाटे. गावाकडचा तेवढाच एक आवाज या घरात होता. दिवसभर मात्र थोरली काचेवर नखं घासायची. खर्र, खर्र. वर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मी जप करायला बसले की मण्यांऐवजी तिचं घासणंच मोजलं जायचं.

त्याच महिन्यात जेवताना मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या एक्स्टेन्शनचा फॉर्म भरून टाकलाय. आणखी सहा महिने."

मी म्हणाले, "बरं." आणि वाटीतली आमटी संपवली.

आता जे झालं ते सांगते. दिवसाउजेडी दिवा जळता ठेवायचा नाही, ही माझी लहानपणापासूनची सवय. आईने लावली, सासूने पक्की केली. इथेही सगळे गेले की मी घरभर फिरून एकेक बटण बंद करते. उबेच्या बल्बला मी हात लावला नाही. थंडीच्या देशात मुक्या जिवाला ऊब लागते, एवढं मला कळत होतं. पण ती ट्यूब? तिची ऊब नव्हती. मला ती गणपतीच्या मखरातल्या ट्यूबसारखी वाटली, शोभेची. पेट्या खिडकीखालीच होत्या, दिवसाचा उजेड होताच. ट्यूबच्या वायरवर छोटं बटण होतं. सगळे गेले की ते मी बंद करायची. आणि चारच्या सुमारास इथे अंधारून यायचं, तेव्हा देवापुढे दिवा लावला की लगेच दोन्ही ट्यूब लावायची. तिन्हीसांजेला अंधारात कोणी बसू नये, मग तो सरडा का असेना. नात शाळेतून आली की पेट्या लखलखत असायच्या. कोणाला काही कळलं नाही, कारण मी काही लपवते आहे असं मलाही वाटत नव्हतं.

नोव्हेंबर, डिसेंबर असेच गेले. जानेवारीत धाकटी फांदीवरून पडली. मग तिचे पाय थरथरायला लागले. चालताना पोट फरशीला टेकायचं. तिचा खालचा जबडा मऊ पडला, किडा धरता येईना. नात रडायला लागली. मुलगा आणि नात तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, फोटो काढला. हाडं कच्ची पडलेली.

त्या रात्री जेवताना मुलाने सांगितलं, "डॉक्टरने विचारलं, उन्हाची ट्यूब रोज बारा तास असते का? आम्ही म्हटलं असते. टायमरच आहे."

"कसली ट्यूब?" मी विचारलं.

"ती लांबवाली. तिच्यात उन्हातलं जे असतं ना, ते असतं. त्याशिवाय यांची हाडं बनतच नाहीत. कॅल्शियम कितीही द्या, अंगी लागत नाही."

"पण खिडकीतून ऊन येतं की."

"काचेतून उजेड येतो, आई. ते अडतं काचेत. शिवाय इथे ऊन असतं कुठे!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

मुलगा पुढे बोलत होता. सगळं नीट असूनही असं झालं म्हणजे आतला आजार असणार. मग औषधांचा उपयोग नाही. उद्या दुपारी दोनला डॉक्टरचा फोन येईल. तिला असं ठेवण्यापेक्षा झोपवलेलं बरं.

मला वाटलं भूल देतात. "मग जागी कधी होईल?" मी विचारलं.

नात ताटावरून उठली. "नेव्हर, आजी," म्हणाली आणि खोलीत गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. सून उठून ताटं उचलायला लागली, मुलगा फोनमध्ये बघत होता, आणि मी म्हणाले, "ताक घेणार का?"

सकाळी उठल्यावर सांगीन म्हटलं. सकाळी सगळ्यांची घाई. नात माझ्या खोलीत आली, धाकटीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, माझ्याकडे न बघता गेली. दार लागलं. भोंग्याचा बारीक टूं आवाज झाला आणि मी आत राहिले.

नऊ वाजले, दहा वाजले. ट्यूब चालूच ठेवली होती. तिच्या निळसर उजेडात धाकटी डोळे मिटून पडली होती. मला एकच दिसत होतं. घरात हे फक्त मला माहीत आहे, आणि दोन वाजेपर्यंत मी बोलले नाही तर ती जाणार. मुलाला फोन केला, त्याने कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. मीटिंगमध्ये असला की तो कापतोच. सुनेला करायचा धीर झाला नाही. नाही म्हणजे नाही झाला, आता लिहायला काय लाज.

साडेबाराला मी हॉलमध्ये जाऊन फळीसमोर उभी राहिले. इतके दिवस तो कॅमेरा मला हाक मारायचा. मी त्याला कशी हाक मारायची ते कोणी सांगितलं नव्हतं. समोर काही हललं की मुलाच्या फोनवर टिंग वाजतं, हे मात्र ऐकलं होतं. मी हात वर केला आणि हलवला. काही झालं नाही. आणखी जवळ गेले, पुन्हा हलवला. किती वेळ हलवत होते कोण जाणे. खांदा दुखायला लागला.

"आई? काय झालं? पडलीस का?"

त्याचा आवाज घाबरलेला होता. मी हात खाली घेतला.

"ती ट्यूब मी बंद करत होते."

"काय?"

"लांबवाली. रोज. तुम्ही गेलात की. दिवसा दिवा कशाला म्हणून. संध्याकाळी लावत होते." एवढं बोलून मला धाप लागली. "तिला आतला आजार नाही रे. मी आहे."

मग तो म्हणाला, "कधीपासून?"

"आणल्यापासून."

"आई, यार..." एवढंच म्हणाला. मग दमलेल्या आवाजात, "थांब. डॉक्टरला आत्ताच फोन करतो."

मी तिथेच उभी राहिले. तो गेला की अजून बघतो आहे ते कळेना, म्हणून बसायलाही संकोच वाटला.

धाकटीला झोपवलं नाही. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, ते तोंडाच्या कडेने थेंब थेंब पाजायचं. थोरलीही सुस्त दिसते ती ट्यूब बंद असल्यामुळेच, असं ते म्हणाले. पूर्ण वाढलेली म्हणून तिने निभावलं. सून म्हणाली, "अहो आई, एकदा विचारायचं तरी." रागावली असती तर बरं झालं असतं. मुलगा विषय काढत नाही. पण रोज सकाळी जाताना माझ्या खोलीत डोकावून आधी ट्यूबकडे बघतो, मग माझ्याकडे.

नात आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. एक दिवस ती शाळेत गेल्यावर पाहिलं तर बटणावर चिकटपट्टी लावलेली आणि वर कागद. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आजि हात लाऊ नको". तिला मराठी लिहायला मीच शिकवलं होतं, अ आ इ ई, या वहीच्या पहिल्या पानांवर. शिकल्यापासून तिने आपणहून लिहिलेलं हे पहिलं मराठी वाक्य. दोन चुका आहेत. मी त्या दाखवल्या नाहीत.

आता मे लागला आहे. धाकटी चालते, पण मागचा एक पाय वाकडाच राहणार. डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेर ऊब असली तर तिला खरं ऊन द्या, अर्धा तास, काचेतून नाही. घरात दुपारी कोण असतं? मी. त्यामुळे काम माझ्याकडेच आलं. नात म्हणाली, "आजी, नक्की करशील?" मी हो म्हणाले.

कपड्यांच्या जाळीदार टोपलीत तिला ठेवते, वर दुसरी टोपली उपडी घालते, सुतळीने बांधते. मग मागच्या दारापाशी येते. आधी चारही आकडे मनात म्हणते, मग एकेक दाबते. पहिल्या दिवशी बोट चुकू नये म्हणून ते दुसऱ्या हाताने धरून दाबलं. भोंगा वाजला नाही.

मागे लाकडी ओटा आहे आणि चारी बाजूंनी माझ्या डोक्याहून उंच कुंपण. त्यापलीकडे मी एकटी अजून गेलेले नाही. ऊन ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात येतं, दीड ते अडीच. टोपली तिथे ठेवते आणि शेजारी बसते. धाकटी जाळीला पोट टेकून चपटी होते, रंगाने गडद होते. आतून थोरलीचं घासणं ऐकू येतं. उद्या तिची पाळी.

फॉर्मचं उत्तर अजून आलेलं नाही. काल मुलाने कॅमेऱ्यातून विचारलं, "आई, किती वेळ झाला बाहेर?" मला वाटलं आत बोलावतोय. मी बसल्या जागेवरूनच उघड्या दारातून ओरडून म्हणाले, "अर्धा तास व्हायचाय अजून." आणि तिथेच बसून राहिले.